चाहते मिळाले, आता त्यांचं करायचं काय?

गेल्या अंकात मी माझ्या जुन्या नोकरीबद्दल सहज दोन ओळी लिहिल्या होत्या. २००५ ते २०१९ पुण्यात मोबाइल गेम तपासायचं काम केलं, आधी बटणवाल्या फोनवरचे, मग टचस्क्रीनवरचे, आणि आता नागपुरात प्रतापनगरला घरी बसून तेच करते, एवढंच. त्यावर या वेळी एरवीच्या तिप्पट पत्रं आली. सासू-सून, भाडेकरू आणि पोटदुखीचे प्रश्न पुढच्या अंकात घेईन. हा अंक गेमवाल्यांचा.

प्रश्न : ताई, नमस्कार. आम्ही दोघं मित्र, राहणार जुनी शुक्रवारी. दीड वर्षापासून मारबतीच्या, म्हणजे गावाची ईडा-पीडा घेऊन जाणाऱ्या मोठ्या पुतळ्यांच्या, मिरवणुकीवर अँड्रॉइडचा गेम बनवून राहिलो. पिवळी मारबत घेऊन गल्ल्यांमधून निघायचं, वरच्या विजेच्या तारा चुकवायच्या, गर्दी सांभाळायची, वाटेत बडगे (टवाळीचे पुतळे) जमवायचे आणि वेळेत नेहरू पुतळ्याजवळ काळ्या मारबतीला भेटायचं, असा खेळ आहे. छोटा व्हिडिओ टाकला तर चाळीसेक पोरं जोडली गेली. त्यांचा ग्रुप केला, गेम खेळायला दिला. आता हे चाळीस जण रात्री दोन-दोनपर्यंत मेसेज टाकतात. कोणी म्हणतं गल्ली चुकली. कोणी म्हणतं लईच सोपं आहे, अवघड करा. कोणी म्हणतं बंदूक द्या. आम्ही मतदान घेतलं तर बंदुकीला २६ मतं पडली! सगळ्यांचं ऐकत गेलो तर गेम आता आमचाच वाटून नाही राहिला. न ऐकावं तर पोरं रुसतात. शिवाय प्ले स्टोअरवर टाकायच्या आधी टेस्टर दाखवावे लागतात म्हणे. कसं करावं?
— दोन मारबतवाले

उत्तर : बंदूक नका देऊ. एवढं आधी, बाकीचं सावकाश.

तुमच्या गेमसाठी चाळीस माणसं रात्री दोनपर्यंत जागतात, याचा पहिले जरा आनंद माना. मी ज्या गेमवर काम केलं त्यातल्या बहुतेकांना असे चार जणही मिळाले नाहीत. गडबड अशी झाली आहे की चाळिसांनाही तुम्ही एकच प्रश्न विचारला : ‘कसा वाटला, काय पाहिजे?’ लग्नात आचाऱ्याने पंगतीत येऊन ‘काय बनवू?’ विचारलं तर जे होईल, तेच झालं.

‘लईच सोपं आहे’ म्हणणाऱ्यांपासून सुरू करते, कारण गेम सगळ्यात जास्त इथेच बिघडतो. ही पोरं खोटं बोलत नाहीत. त्यांना सोपंच वाटणार. पहिली गल्ली त्यांनी दोनशे वेळा पार केली आहे, तार कुठे खाली लोंबते ते त्यांच्या अंगठ्याला पाठ झालं आहे. पण ज्या दिवशी माणूस तुमच्या गेमचा चाहता झाला, त्या दिवसापासून तो नवख्याच्या डोळ्यांनी गेम पाहू शकत नाही. त्यांच्या सांगण्यावरून पहिली लेव्हल अवघड केलीत, तर धरमपेठेतला कोणी पहिल्यांदाच गेम उघडेल, दोनदा तारेला अडकेल आणि गेम काढून टाकेल. तो तुम्हाला मेसेजही करणार नाही. नुसता गायब होईल.

यावरून एक किस्सा. चार-पाच वर्षांपूर्वी एका गाड्यांच्या गेमचं काम माझ्याकडे होतं. त्या गेमचे जुने चाहते एकमुखाने म्हणत होते, पहिली लेव्हल रटाळ आहे, उडवा. मी फोन घेऊन ट्रॅफिक पार्कजवळच्या एका पानठेल्यावर गेले. ठेलेवाले भाऊ ओळखीचे. म्हटलं, दोन मिनिटं हे खेळून दाखवा. त्यांच्या उजव्या हाताची बोटं काथ-चुन्याने भरलेली. त्यांनी डावा हात फडक्याला पुसला, फोन डाव्या हातात धरला आणि एकाच अंगठ्याने खेळायला लागले. आमचा ब्रेक होता स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात! अंगठा तिथवर पोचेचना. गाडी एकाच नालीत अकरा वेळा पडली. मी मोजत होते. मधेच गिऱ्हाईक आलं, त्याला एक साधा मसाला बांधून दिला, परत खेळले, परत नाली. शेवटी फोन परत देत म्हणाले, “छान आहे ताई गाडी.”

छान आहे! मी फक्त त्यांचं म्हणणं लिहून आणलं असतं, तर कागदावर ‘ग्राहक समाधानी’ एवढंच आलं असतं. मी हात पाहिले म्हणून कळलं की दोन्ही हात मोकळे असलेल्या माणसासाठीच आम्ही गेम बनवला होता. बसमध्ये दांडा धरून उभा असलेला, कडेवर लेकरू असलेली, एका हातात चहाचा कप असलेला, या सगळ्यांना आम्ही सोडून दिलं होतं. पुढे त्यात एका हाताने खेळायची सोय आली. पहिली लेव्हल तशीच राहिली. ते भाऊ चाहते नव्हते, पुढेही झाले नाहीत. अजून माझ्याशी गेमबद्दल एक शब्द बोलत नाहीत.

ही काही माझी अक्कल नाही. १९९८ साली आलेला ‘हाफ-लाइफ’ हा गेम बनवताना व्हॉल्व्ह कंपनीने हेच केलं होतं. त्यांच्या प्रकाशकाकडे, सिएराकडे, दुसऱ्या गेम विकत घेऊन नोंदणीचं कार्ड पाठवणारे लोक होते. म्हणजे गेमचे शौकीन, पण या गेमला नवखे. त्यांतल्या आसपासच्या एकेकाला बोलवायचं, दोन तास खेळायला बसवायचं, आणि ज्याने ती लेव्हल बनवली त्याने पाठीमागे वही घेऊन बसायचं. अट एकच, खेळणाऱ्याला काही सांगायचं नाही. तो वीस मिनिटं एकाच दारापाशी घुटमळला तरी नाही. अशा एका बैठकीतून दुरुस्तीच्या शंभरेक गोष्टी निघायच्या, आणि गेम पुरा होईपर्यंत अशा दोनशेहून जास्त बैठका झाल्या. यातलं अवघड काय ते सांगते : गप्प बसणं. आपण वरून ओरडणार, ‘अरे उजवीकडे बघ ना बे!’ मी तोंडात सुपारी धरून बसते, म्हणजे जीभ अडकून राहते.

तेव्हा ‘सोपं की अवघड’ याचा निकाल ग्रुपवर लावू नका. मोहल्ल्यातले पाच अनोळखी लोक धरा, वय वेगवेगळं, आणि पाहत बसा. लोक वस्तू कशा वापरतात याचा अभ्यास करणाऱ्या याकोब निल्सनने संकेतस्थळं आणि सॉफ्टवेअरच्या बाबतीत हिशेब मांडला होता की पाच जणांना वापरताना पाहिलं की सुमारे ८५ टक्के अडचणी दिसतात. गेमला तो आकडा जसाच्या तसा लावू नये असं माझं मत आहे, पण पाचवा माणूस त्याच नालीत पडला की सहाव्याची गरज उरत नाही, हे मी स्वतः पाहिलं आहे. पाच झाले की दुरुस्त करा, मग नवे पाच धरा. जुने पाच आता बाद, ते नवखे राहिले नाहीत.

मग चाळिसांचं काय? त्यांना जे येतं ते नवख्यांना कधीच येणार नाही, आणि तेच काम त्यांना द्या.

ज्या पोरांनी ‘गल्ली चुकली’ म्हटलं, त्यांना तर घरी जेवायला बोलवा. इतवारी-महालात वाढलेलं पोरगं तुमच्या नकाशातली गल्ली चुकली म्हणतं, तेव्हा ते जगातल्या कुठल्याही टेस्टिंग कंपनीत मिळणार नाही असं काम फुकटात करून राहिलं आहे. काळी मारबत १८८१ पासून आणि पिवळी १८८५ पासून निघते असं सांगतात. जागनाथ बुधवारीत अशी घरं आहेत जिथे पणजोबापासून ही कामं चालत आली. ग्रुपमधल्या कोणाचा आजा, कोणाचा मामा त्यात असेलच. मूर्तीचा रंग, ‘ईडा पीडा घेऊन जा गे मारबत’ ही आरोळी कुठे देतात, बडग्यावर काय लिहितात, हे सगळं त्यांच्याकडून एकदा तपासून घ्या. काळ्या मारबतीचा संबंध नागपूरच्या भोसले राजघराण्यातल्या बाकाबाईशी जोडतात, तो भाग गेममध्ये घेणार असाल तर दोनदा विचारा. बडगे दरवर्षी कोणा ना कोणाला झोंबतात, ती त्यांची परंपराच आहे. पण रस्त्यावरचा बडगा संध्याकाळी जळून जातो, तुमच्या गेममधला वर्षभर राहील.

दुसरे कामाचे लोक म्हणजे उपद्रवी. ग्रुपमध्ये एक तरी असेल जो मारबत भिंतीतून आरपार काढतो आणि व्हिडिओ टाकून हसतो. त्याच्यावर चिडू नका, त्याला वेगळा बोलवून म्हणा, अजून तोड. ‘अल्टिमा ऑनलाइन’ या इंटरनेटवर अनेकांनी मिळून खेळायच्या गेमची चाचणी चालू होती, १९९७ चा ऑगस्ट. गेमचा कर्ता रिचर्ड गॅरियट स्वतः लॉर्ड ब्रिटिश नावाचा राजा होऊन प्रजेला भेटायला आला. हा राजा अमर असायचा. मधे सर्व्हर बंद पडला, परत आल्यावर अमरत्व चालू करायचं राहून गेलं. गर्दीतल्या एका खेळाडूने आगीचा मंत्र टाकला आणि राजा जागीच मेला! एवढी मोठी चूक भर चाचणीत, सगळ्यांसमोर बाहेर पडली, ती एका टवाळामुळे. तुमच्याकडे असा टवाळ असेल तर त्याचं नाव श्रेयनामावलीत सगळ्यात वर घाला.

तिसरं काम फोनचं. चाळीस जणांकडे वीस प्रकारचे फोन असतील. त्यात नागपूरचा उन्हाळा. ४५ अंशांत फोन तापला की प्रोसेसर स्वतःहून वेग कमी करतो आणि जो गेम एसीच्या खोलीत पळत होता तो रांगायला लागतो. मे महिन्यात दुपारी दोनला गच्चीच्या जिन्यात बसून वीस मिनिटं खेळायला सांगा. पाणी पिऊन बसा म्हणावं. तुमच्या गर्दीच्या दृश्यात माणसं किती काढायची, त्याचा आकडा त्या जिन्यातच ठरेल.

आणि ‘हँग झाला बे’ हा रिपोर्ट धरायचा नाही. फोन कोणता, गेमची आवृत्ती कितवी, काय करत होतास, काय झालं. एवढं लिहून सोबत स्क्रीन रेकॉर्डिंग टाकलं तरच मोजायचं, हा नियम आजच करा. निम्मे मेसेज आपोआप कमी होतील आणि तुम्हाला झोप मिळेल.

आता मतदान. चाहत्यांचं मत घेऊन गेम चालवणारे लोक जगात आहेत. ‘ओल्ड स्कूल रुनस्केप’ २०१३ साली सुरू झाला तोच खेळाडूंच्या मतदानातून. त्यात नवीन काही आणायचं तर खेळाडूंचा कौल घेतात. आधी ७५ टक्के लागायचे, २०२२ मध्ये ते ७० केले. ‘ईव्ह ऑनलाइन’वाले तर २००८ पासून खेळाडूंमधून प्रतिनिधी निवडून घेतात आणि त्यांना आइसलंडला आपल्या ऑफिसात बोलवतात. आपल्या नगरसेवकांसारखं, फक्त तिथे नाल्या साफ होतात. पण रुनस्केपचा कौल कसा असतो ते पाहा. बनवणारे आधी प्रस्ताव पुरा लिहितात, मग विचारतात, हे आणू की नको. काय आणू, असं विचारत नाहीत. तुम्ही कोरा कागद समोर टाकला, त्यावर बंदूक आली.

तरी त्या २६ मतांना काहीतरी म्हणायचं आहे, ते टाकून देऊ नका. बंदुकीवर मत देणाऱ्या पाच जणांना फोन करा आणि विचारा, खेळताना नेमकी कुठे बंदूक असावी असं वाटलं? माझा अंदाज सांगते. गर्दीत मारबत अडकते, घड्याळ पळत असतं, आणि त्या वेळी खेळणाऱ्याच्या हातात करण्यासारखं काही नसतं. तो हतबल होतो. हतबल पोराला बंदूक सुचते, कारण बाकीच्या गेममध्ये त्याला तीच मिळते. तक्रार खरी आहे, उपाय उसना आहे. तुमच्या मिरवणुकीत गर्दी हटवायचं हत्यार आधीच आहे की! ढोल-ताशा आहे, आरोळी आहे. बटण दाबलं की ‘घेऊन जा गे मारबत’ घुमलं आणि समोरची गर्दी दोन्हीकडे सरकली, तर? दर आरोळीने दम कमी होतो, मग जपून वापरावी लागते. हे मला स्वयंपाक करताना सुचलं, चुकीचंही असेल. नव्या पाच जणांवर करून पाहा.

पोरं रुसतील, रुसू द्या. ‘डार्केस्ट डंजन’ २०१५ मध्ये अर्धवट अवस्थेत विक्रीला होता, तेव्हा बनवणाऱ्यांनी त्यात मेलेल्या शत्रूंची प्रेतं रणात अडथळा म्हणून ठेवली. जुने खेळाडू इतके खवळले की विचारू नका. बनवणाऱ्यांनी प्रेतं काढली नाहीत, कारण त्यांच्या खेळाला ती हवी होती. ज्याला नको त्याने बंद करावीत असं एक बटण दिलं. भांडण मिटवायची ही पद्धत मला फार आवडते.

एक चूक मात्र तुम्ही केलेली दिसते, सगळा गेम ग्रुपला देऊन बसलात. ‘बाल्डर्स गेट ३’ ऑक्टोबर २०२० पासून ऑगस्ट २०२३ पर्यंत लोकांच्या हातात होता, पण फक्त पहिला अंक. पुढची कथा झाकलेली. तुम्हीही पुढच्या आवृत्तीपासून पहिल्या तीन गल्ल्याच द्या. काळी-पिवळीची भेट नव्याने बनवा आणि कोणालाही दाखवू नका. त्या चाळीस जणांनाही मारबतीच्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, काहीतरी नवीन पाहायचं आहे.

प्ले स्टोअरचं सोपं आहे. १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेलं वैयक्तिक खातं असेल तर गेम सगळ्यांसाठी खुला करायच्या आधी किमान १२ टेस्टर सलग १४ दिवस बंद चाचणीत (म्हणजे बोलावलेल्या लोकांपुरत्याच) राहावे लागतात. आधी २० लागायचे, नंतर कमी केले. तुम्ही अठरा-वीस घ्या, कारण लग्नसराईत दोघे-तिघे गळतातच आणि मग मोजणी अडते. पैसे घेऊन टेस्टर आणून देणारे भेटतील. चाळीस खरे लोक घरात असताना त्यांच्या नादी लागू नका.

प्रश्न : माझा मुलगा पंधरा वर्षांचा, दहावीला आहे. एका परदेशी गेमचा ‘बीटा टेस्टर’ म्हणून निवड झाली असं सांगतो. रात्री एकपर्यंत खोली बंद. मी जवळ गेले की स्क्रीन झाकतो आणि म्हणतो, “आई, गोपनीयतेचा करार आहे, तुला दाखवू शकत नाही.” पैसे काही मिळत नाहीत. ही फसवणूक आहे का? यजमान म्हणतात राहू दे, मोबाइलवर रील पाहण्यापेक्षा बरं.
— एक आई, त्रिमूर्तीनगर

उत्तर : “करार आहे” वाचून मी खूप वेळ हसले, माफ करा. पोरगं हुशार आहे.

गेम बाहेर येण्याआधी निवडक खेळाडूंना देतात आणि ‘कुठे काही बोलायचं नाही’ अशी अट घालतात, हे खरं आहे. तेवढ्यावरून फसवणूक म्हणता येत नाही. पण आपल्याकडच्या १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे अठरा वर्षांखालचा मुलगा करार करूच शकत नाही. असा करार मुळातच रद्द, हे प्रिव्ही कौन्सिलने १९०३ मध्ये मोहोरी बीबीच्या खटल्यात सांगून ठेवलं आहे. तेव्हा आईपासून स्क्रीन झाकायला त्याला कायद्याचा आधार नाही, हे त्याला तारखेसकट सांगा. वर हेही सांगा की दुसऱ्याने विश्वासाने दाखवलेली गोष्ट मित्रांमध्ये वाटायची नसते. ते मात्र त्याने पाळावं.

मला वेगळी शंका येते. असल्या बऱ्याच चाचण्या अठरा पूर्ण असलेल्यांसाठीच असतात. पोराने जन्मसाल कोणतं टाकलं ते विचारा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्यांची माहिती घ्यायची तर पालकांची पडताळलेली संमती लागते असं म्हटलं आहे. तुम्हाला कोणी काही विचारलेलं नाही, म्हणजे एक तर कंपनी बेफिकीर आहे किंवा तुमच्या घरात एक ‘एकवीस वर्षांचा’ मुलगा राहतो.

मग आमंत्रण आलं कुठून ते पाहा. गेमच्या स्वतःच्या खात्यावरून आलं की कोणा अनोळखी माणसाने चॅटवर फाइल पाठवली? टेस्टर व्हायला पैसे मागितले, ओटीपी मागितला, स्टोअरच्या बाहेरून काही टाकायला लावलं, तर त्या दिवशीच बंद. यात काही चर्चा नाही.

हे सगळं ठीक निघालं तर त्याला त्याने लिहिलेले बग रिपोर्ट, म्हणजे गेममधल्या चुकांच्या नोंदी, दाखवायला सांगा. बसा शेजारी. नीट लिहिला असेल तर त्यात चार गोष्टी दिसतील : काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं, परत केलं तर परत होतं का. प्रयोगवहीत शिक्षकांना हेच पाहिजे असतं आणि तिथे हीच पोरं कंटाळा करतात. रिपोर्ट चांगला असेल तर शनिवारी-रविवारी दोन तास द्या. रिपोर्ट एकही नसेल तर तो टेस्टर नाही, नुसता खेळून राहिला आहे, आणि मग यजमानांशी तुमचं जे काय बोलणं व्हायचं ते होऊ द्या. एक वाजेपर्यंत जागणं मात्र दोन्ही बाबतींत नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये परीक्षा आहे.

प्रश्न : ताई, मी २३ वर्षांचा, सदरला राहतो. एका गेमसाठी तीन वर्षं जीव ओतला. साठच्या वर बग कळवले, पूर्ण गेमचं मराठी भाषांतर करून दिलं. गेम बाहेर आला, शेवटी नावांची लांबलचक यादी आहे, त्यात मी नाही. मला प्रोफाइलवर लावायला एक चित्र दिलं, ‘सुपर फॅन’. मी उगाच चिडून राहिलो का?
— सुपर फॅन

उत्तर : उगाच नाही, भाऊ. मी पुण्यात पहिला गेम तपासला तेव्हा गेममधल्या नावांच्या यादीत फक्त ‘टेस्टिंग टीम’ एवढंच होतं. आम्ही सहा जण होतो. आईला दाखवायला मी तो फोन घेऊन नागपूरला आले होते. ती चष्मा लावून म्हणाली, “तुझं नाव कुठाय?” मी तेव्हा सांगितलं, ‘टीम’ म्हणजे मीच. अजून ते बोचतं.

पण तुझ्या दोन कामांमध्ये मी फरक करीन. खेळता खेळता बग दिसला आणि कळवला, हे हौसेत मोडतं. त्याचं नाव लावणं ही कंपनीची चांगुलपणाची गोष्ट, नाही लावलं तर कोत्या मनाची. भाषांतर ही हौस नाही, तो धंदा आहे, त्याचे पैसे मिळतात आणि तुझं काम ते आज विकून राहिले आहेत. ‘अल्टिमा ऑनलाइन’चे स्वयंसेवक नवख्या खेळाडूंना मदत करायचे, ठरलेल्या वेळा पाळायचे. आमच्याकडून नोकरीचं काम फुकटात करून घेतलं म्हणत त्यांतले काही जण २००० साली कोर्टात गेले. तुला कोर्टात जा म्हणत नाही. पण ‘प्रेमाने केलं’ आणि ‘फुकट केलं’ यांच्यातलं भांडण तुझ्या जन्माच्या आधीपासूनचं आहे.

सध्या एवढं कर. भाषांतराच्या फाइली, तारखा, त्यांच्याशी झालेलं बोलणं एका जागी ठेव. मग एक लहान, थंड डोक्याचं पत्र लिही : भाषांतर माझं आहे, पुढच्या अपडेटमध्ये नाव घाला आणि यापुढच्या मजकुराचा दर ठरवा. नाव घालणं म्हणजे त्यांच्या बाजूला एका ओळीचं काम आहे. ‘सुपर फॅन’चा उल्लेख पत्रात करू नकोस, रागावल्यासारखं दिसतं. उत्तर नाही आलं तर पुढचं अपडेट तुझ्याशिवाय मराठीत कसं येतं ते निवांत पाहा.

आणि तुझ्यासारखे चाहते नुसते चाहते राहतात असंही नाही. ‘काउंटर-स्ट्राइक’ १९९९ मध्ये दोन खेळाडूंनी ‘हाफ-लाइफ’वर हौसेने केलेला बदल होता, पुढच्या वर्षी व्हॉल्व्हने तो विकत घेतला आणि त्यांना कामावरही. २०१७ चा ‘सोनिक मेनिया’ सेगाने ज्याच्या हाती दिला तो क्रिश्चन व्हाइटहेड सोनिकचे गेम स्वतःच्या हौसेने बनवतच मोठा झालेला. या लोकांकडे दाखवायला काहीतरी होतं. तुझ्याकडे एक अख्खा गेम आहे मराठीत. त्यातली चांगली वीस वाक्यं निवड, मूळ आणि मराठी शेजारी-शेजारी मांड, आणि आपल्याकडे पुण्यात गेम बनवणारे बरेच आहेत, त्यांना पाठव. ‘सुपर फॅन’चं चित्र न लावता.

ता. क. : वरच्या जुनी शुक्रवारीच्या पोरांना मराठी मजकूर तपासून हवा असणार. दोघांची हरकत नसेल तर मी जोडून देते. पण दर आधी ठरवायचा, मारबतवाले, हेही इथेच लिहून ठेवते.

प्रश्न : गेम तपासायला कोणता फोन घ्यावा? बजेट कमी आहे.
— विद्यार्थी, हिंगणा रोड

उत्तर : विकत घेऊच नका. घरातल्या कपाटात पडलेला काढा. ३ जीबी रॅम, काच तडकलेली, बॅटरी फुगली नसेल एवढं पाहून घ्या. नसेल तर आईचा मागा. माझ्या आईच्या फोनमध्ये सुप्रभातची फुलं आणि भाच्यांच्या बारशाचे व्हिडिओ इतके आहेत की ३०० एमबीसुद्धा मोकळे नसतात, वर मधेच मावशीचा व्हिडिओ कॉल येतो. कॉल संपल्यावर गेम जिथे होता तिथूनच सुरू झाला, तर पुढच्या पायरीला या. माझ्याकडे येणाऱ्या दहातले सात तिथेच पडतात.